सावित्रीबाई फुले आणि विधवांचे प्रसूतिगृह

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. ह्याच तालुक्यात कटगुण म्हणून गाव आहे. जोतीराव फुले ह्यांचे घराणे मूळचे ह्या कटगुणचे. त्यांचे जुने आडनाव गोऱ्हे, आणि गावात चौगुल्याचे काम त्यांच्याकडे असे. पुढे गावच्या कुळकर्ण्याशी तंटा होऊन जोतीरावांच्या पणज्यांनी गाव सोडले. ते कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस राहिले, नंतर पुण्यास गेले, आणि तेथे फुलांच्या धंद्यावरून त्यांस फुले हे नाव पडले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्यांचे माहेरही आपल्याच सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे होते. तेव्हा ज्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो त्या बाई आपल्या वाचकांस परक्या नव्हेत.

सावित्रीबाईंनी मुलींची शाळा चालविली ही गोष्ट आता लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांच्या नावाच्या शाळा आहेत, पुण्याच्या विद्यापीठास २०१४ साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि ३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस गावोगावी पाळला जातो. परंतु १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारात एक दुसरे काम आरंभिले, त्याविषयी लोक फारसे बोलत नाहीत. ज्या स्त्रियांवर घरातील किंवा शेजारच्या पुरुषाने हात टाकला, आणि मग ज्यांस सर्वांनी टाकून दिले, अशांसाठी ते काम होते. आम्ही मुख्यत्वे त्याविषयीच लिहिणार आहो. बाकीचे चरित्र संदर्भापुरते सांगितले म्हणजे पुरे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. वडील खंडोजी नेवसे हे नायगावचे पाटील. १८४० साली, नऊ वर्षांच्या असता, त्यांचे लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. जोतीरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर ह्या एका मिशनरी साहेबांच्या घरी मुले सांभाळण्यास होत्या. त्यांच्या सहवासाने जोतीरावांस विद्येची गोडी लागली, आणि पुढे ते पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जोतीरावांनी आपल्या पत्नीस शिकविले, आणि नंतर सावित्रीबाईंनी अहमदनगर येथील मिस फॅरार बाईंकडे व पुण्यातील मिचेल बाईंच्या नॉर्मल शाळेत शिकविण्याचे शिक्षण घेतले. फुले दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारिला नाही, आणि त्यांस आपल्यांत ओढून घेण्याचे आम्हांस कारण नाही. पण ही दोन नावे आमच्या मंडळ्यांतील बायांनी लक्षात ठेवावीत, कारण पुढे ज्या बाईने इतरांस आधार दिला तिला प्रथम आधार कोणी दिला हे त्यावरून कळते.

१८४८ साली पुण्यात भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेस जाता येता लोक सावित्रीबाईंच्या अंगावर शेण, चिखल व खडे टाकीत. त्या एक जुने लुगडे नेसून जात आणि शाळेत पोहोचल्यावर दुसरे नेसत. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीचा रस्त्यातच अपमान करावयाचा, म्हणजे ती आपोआप घरी बसेल, ही युक्ती आजही जुनी झालेली नाही. १८४९ साली जातीच्या लोकांच्या दडपणाने सासऱ्यांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढिले. त्या वेळी उस्मान शेख ह्यांनी त्यांस आपल्या घरी जागा दिली. ज्यांस एकदा असे कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागले, त्यांस पुढे दारात उभ्या राहिलेल्या बाईचे मन कळले ह्यात नवल नाही.

शाळेबरोबर सावित्रीबाईंनी बायकांची एक मंडळी स्थापन केली. १८५२ च्या जानेवारीत संक्रांतीच्या निमित्ताने तिळगुळाचा समारंभ झाला. पुण्याच्या कलेक्टर साहेबांच्या पत्नी जोन्स मडम ह्या अध्यक्ष होत्या. बोलावण्यात असे स्पष्ट कळविले होते की कोणत्याही जातीची बाई आली तरी सर्वांनी एकाच जाजमावर बसावयाचे. वाचकांपैकी ज्यांनी आपल्या गावात जाजमावरून भांडणे पाहिली असतील त्यांस ही गोष्ट लहान वाटणार नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू.

त्या काळी ब्राह्मणांत व इतर उच्च म्हणविणाऱ्या जातींत मुलीचे लग्न आठ-दहा वर्षांच्या आत होई, आणि नवरा कित्येक वेळा तिच्या बापाच्या वयाचा असे. तो वारला म्हणजे मुलगी विधवा. तिचे केशवपन करावयाचे, तिला एकच वस्त्र नेसावयास द्यावयाचे, एक वेळ जेवू घालावयाचे, आणि घरातील सर्व जड कामे तिच्याकडून करून घ्यावयाची. १८५६ साली सरकारने विधवाविवाह कायदेशीर केला, पण कायदा झाला म्हणून कोणी लग्ने लाविली नाहीत. बाबा पद्मनजी ह्यांनी १८५७ साली यमुनापर्यटन नावाची कादंबरी लिहून ह्या विधवांची स्थिती लोकांपुढे मांडली. आमच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत ते पुस्तक पुष्कळांनी वाचिले असेल.

परंतु ह्याहून वाईट गोष्ट घरातल्या घरात घडे. अशा निराधार मुलीवर दीर, चुलता, शेजारी किंवा घरी येणारा भटजी वाईट नजर ठेवी. तिने ओरडावे कोणापुढे? ज्याच्या घरचे अन्न खावयाचे त्याच्याविरुद्ध साक्ष कोण देणार? तिला दिवस गेले म्हणजे तो पुरुष बाजूस होई, आणि सर्व दोष तिच्या माथी येई. मग कोणी तिला औषधाच्या नावाखाली विष देई, कोणी तीर्थयात्रेस नेऊन परक्या गावी सोडून येई, कोणी विहीर जवळ करी. मूल जन्मलेच तर नखे लावून किंवा गळा दाबून त्याची वाट लावीत. लोक ह्यास विधवेचे पाप म्हणत. जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी ह्यास विधवेवर झालेला जुलूम म्हटले. आमच्या मते पुढचे सर्व कार्य ह्या एका फरकातून निघाले.

पुण्यात जोतीरावांच्या एका ब्राह्मण मित्राच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लाविले. पहिल्याने ती त्यास दाद देत नव्हती, पण शेवटी फसली. दिवस राहिल्यावर पाडण्याची औषधे झाली. त्यांनी काही झाले नाही. नऊ महिन्यांनी मुलगा झाला. अब्रूच्या भयाने तिने त्या अर्भकास सुरीने मारिले आणि प्रेत घराच्या आवारातील विहिरीत टाकिले. दोन दिवसांनी ते पोलिसांस सापडले. खटला चालला, आणि काशीबाईस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन तिला अंदमानात धाडण्यात आले. शास्त्रीबोवा मोकळेच राहिले.

सर्व पुण्याने हा खटला ऐकिला. पुष्कळांनी काशीबाईस नावे ठेविली, थोड्यांनी हळहळ केली, आणि दोन्ही प्रकारचे लोक आपापल्या घरी जाऊन जेवले. फुले पतिपत्नींनी एकमेकांशी विचार करून गंज पेठेतील आपल्या घराच्या आवारातच अशा विधवांच्या बाळंतपणाची व मुलांच्या संगोपनाची सोय केली. ह्या गृहास पुढे बालहत्या प्रतिबंधक गृह असे नाव पडले. पैसा फारसा नव्हता, सरकारची मदत नव्हती, आणि जोतीरावांस ह्या कामी शहाण्यासुरत्या मित्रांकडूनही पुष्कळ ऐकावे लागले असावे.

गृहाची रीत कशी होती ती कॅटेकिस्टांनी नीट पाहावी. आधी उघड जाहिराती लाविल्या, आणि त्याही जेथे अशा विधवा राहत त्या आळ्यांच्या भिंतींवर. त्यांत असे कळविले होते की कोणा विधवेचे वाकडे पाऊल पडले असेल तर तिने येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे; मूल घेऊन जावे की ठेवून जावे हे तिच्या इच्छेवर आहे, ठेविल्यास त्याचा सांभाळ येथे होईल. म्हणजे बाई येईल तेव्हा पाहू, असे नव्हते. ती येण्यापूर्वीच जागा तयार होती आणि तिला ते ठाऊक होते. दुसरे, नाव फुटू द्यावयाचे नाही हा नियम. ज्या बाईस आपली गोष्ट गावभर होईल अशी भीती असते ती मदत मागण्याऐवजी विहीर शोधते. म्हणून गुप्तता ही त्या गृहाची भिंतच होती. तिसरे, मूल ठेवण्याचा निर्णय आईचा. आणि आलेल्या बाईस तिचा अपराध किती व कसा हे विचारावयास तेथे पंच बसलेले नव्हते. सावित्रीबाई स्वतः त्या बाळंतिणींची व मुलांची उस्तवार करीत. आलेल्या बहुतेक विधवा ब्राह्मण घरच्या होत्या. ज्यांच्या घरच्यांनी सावित्रीबाईंवर शेण टाकिले असेल, त्यांच्याच लेकी-सुना माळ्याच्या घरी बाळंत झाल्या, आणि माळ्याच्या सुनेने त्यांस शेक-शेगडी दिली.

हे काम सुखाचे होते असे कोणी समजू नये. १८८४ साली बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाह व लादलेले वैधव्य ह्यांवर टिपणे प्रसिद्ध केली, आणि सरकारने त्यांवर लोकांची मते मागविली. जोतीरावांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात आपले मत कळविताना गृहाचा हिशेब दिला. तोपर्यंत ३५ विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली होती आणि ३० मेली होती. येण्यापूर्वी आयांनी गर्भ लपविण्यासाठी जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांनी पोटातच इजा होऊन ती मेली, असे त्यांनी कारण दिले आहे. वीस वर्षांत तीस लहान प्रेते ज्या घरातून गेली त्या घरातील बाईने काम सोडिले नाही. पण त्या ३५ आया काळ्या पाण्यावर गेल्या नाहीत, आणि विहिरीतही गेल्या नाहीत. १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने असेच अनाथ बालकाश्रमाचे काम सुरू झाले, आणि पुढे पंडिता रमाबाईंनी शारदा सदन व केडगावचे मुक्ति सदन उभारिले. ही सर्व कामे मोठी झाली. पण ह्या वाटेवर आपल्या घरची खोली प्रथम मोकळी करून देणाऱ्यांत फुले पतिपत्नी होते.

आता नायगावची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती खेड्यातील आहे आणि आपल्या जिल्ह्यातील आहे. १८६८ साली सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. नायगावात त्याचा व सारजा नावाच्या महार मुलीचा स्नेह जमला, आणि तिला सहा महिने झाले होते. गावास हे कळताच लोकांनी दोघांस धरिले, मारीत मारीत गावातून मिरवीत नेले, आणि ठार मारण्याचा बेत केला. सावित्रीबाईंस बातमी लागली तशा त्या धावत गेल्या. त्यांनी जमावास उपदेश केला नाही. माणूस मारल्यास इंग्रज सरकारच्या कायद्याने मारणाऱ्यांस काय भोगावे लागेल ते सांगितले, आणि लोकांचा हात थांबला. पण राग शमला नव्हता. दोघांनी गाव सोडून जावे, असा हट्ट गावातील एका वजनदार माणसाने धरिला. सावित्रीबाईंनी ते मान्य करविले, दोघांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविण्याची व्यवस्था केली, आणि २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात हे सर्व पतीस लिहून कळविले. ती दोघे त्यांच्या पायां पडून रडत होती.

येथे कोणी म्हणेल की त्यांनी गावास पुरते नमविले नाही, त्या दोघांस गाव सोडावाच लागला. खरे आहे. पण जमाव काठ्या घेऊन उभा असता जे प्रथम वाचवावयाचे ते त्यांनी वाचविले, एक नव्हे तर तीन जीव. कायद्याचा धाक त्यांस वापरता आला, कारण कायदा त्यांस ठाऊक होता. आणि दोघांस पाठवावयास जागा होती, कारण पुण्याचे घर पाच वर्षांपूर्वीच उघडलेले होते.

आज कायदा त्या वेळेपेक्षा पुष्कळ पुढे गेला आहे. जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांस धमक्या येत असल्यास त्यांस पोलिसांनी संरक्षण द्यावे व सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजाविले आहे. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, तिला घरातून हुसकून देता येत नाही, आणि १८१ ह्या क्रमांकावर फोन केल्यास मदत मिळते. वाकडे पडलेले कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली केला, आणि सरकारने इतर गावांस तो कित्ता घालून दिला. पण अंगावर वळ घेऊन रात्री निघालेली बाई प्रथम तहसील कचेरीत जात नाही. ती ओळखीच्या दारात जाते, आणि पुष्कळ खेड्यांत ते दार पाळकाचे किंवा कॅटेकिस्टाचे असते. तिला समजूत घालून त्याच रात्री नवऱ्याकडे परत पोहोचविणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांनी नायगावची गोष्ट दोन वेळा वाचावी.

असो. गृहात जन्मलेल्या मुलांपैकी एक मुलगा फुले पतिपत्नींनी स्वतः ठेवून घेतला. १८७४ च्या सुमारास एक ब्राह्मण विधवा जीव देण्याच्या बेतात असता जोतीरावांनी तिला घरी आणिले; तिचा हा मुलगा. ह्या दोघांस स्वतःचे मूल नव्हते, आणि मूल नाही म्हणून दुसरी बायको करण्याचा आग्रह जोतीरावांस झालेला होता. तो त्यांनी मानिला नाही. मुलाचे नाव यशवंत ठेविले, त्यास शिकविले, डॉक्टर केले. तो विधवेचा मुलगा म्हणून त्यास मुलगी द्यावयास लोक कचरत. शेवटी हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे ह्यांनी आपली कन्या दिली, आणि १८८९ साली लग्न झाले. लग्नापूर्वी सावित्रीबाईंनी त्या मुलीस आपल्या घरी आणून ठेविले, म्हणजे तिला घरची व नवऱ्याची माहिती व्हावी. आजही किती सासवांच्या मनात हे येईल?

१८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याने भटजीवाचून व थोड्या खर्चात लग्ने लावण्याची रीत घातली. जोतीरावांनी ह्या लग्नासाठी जी मंगलाष्टके रचिली त्यांत वधू आपले हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ सर्वांसमक्ष घेतो. नवऱ्याने बायकोस कसे वागवावे हा घरातला खाजगी प्रश्न आहे, असे त्यांनी मानिले नाही. मांडवातील सर्व मंडळी त्यास साक्षी केली. त्याचप्रमाणे विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलताना समाजाच्या लोकांनी केवळ आईबापांस दोष दिला नाही, तर वस्तरा ज्याच्या हाती असतो त्यास गाठले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली, आणि ह्यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही असे तिने ठरविले. न्हावी गरीब, आणि ह्या कामाचे त्यास पैसे मिळत; तरी त्यांनी हे केले.

१८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूर भागात समाजाच्या मंडळीबरोबर अन्नदानाच्या कामी होत्या. त्याविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण आजच्या विषयास ते सोडून होईल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. प्रेतयात्रेपुढे टिटवे धरण्याचा हक्क मुलाचा. भाऊबंद पुढे येऊन म्हणू लागले की यशवंत दत्तक, त्यास हा हक्क नाही. कोणाच्या पोटी जन्मला हा प्रश्न त्या दिवशीही उकरून काढण्यात आला. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे आपल्या हाती घेतले आणि त्या स्वतः प्रेतापुढे चालू लागल्या. विधवा झालेली बाई कोपऱ्यात बसावयाची, तेथे ही बाई त्याच घटकेस पुण्याच्या रस्त्याने सर्वांपुढे चालत होती. त्यानंतर समाजाचे काम त्यांनी चालविले, आणि १८९३ साली सासवड येथे भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंतराव त्या वेळी सरकारी पलटणीत डॉक्टर होते. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून ते रजा घेऊन आले, आणि हडपसरजवळ सासऱ्यांच्या माळरानावर त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना घातला. शहरातील लोक घरचे रोगी लपवीत होते, कित्येक गाव सोडून पळत होते. सावित्रीबाई रोगी शोधून आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड ह्यांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. त्या कामात त्यांस स्वतःस रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर तोच यशवंत, गंज पेठेतील घरात जन्मलेला.